खिळा एक, पाट्या चौदा

नागपुरात महाल भागातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिच्या दारावर एकच खिळा होता, आणि त्या खिळ्यावरची पाटी दिवसातून दोनदा बदलत असे. सकाळी सातला वासुदेवराव सायकलवरून येत, आदल्या संध्याकाळची पाटी उतरवून भिंतीशी उभी करत आणि त्या सकाळची पाटी अडकवत. साडेनऊला खोलीला कुलूप लावून छापखान्यात कामाला जात. संध्याकाळी सहाला परत आले की पुन्हा पाटी बदले. आठवड्याचे वार सात, दिवसाच्या वेळा दोन, म्हणून संस्था चौदा. पंधरावी काढायची त्यांची फार इच्छा होती, पण “वारच उरला नाही जी,” असं ते खिन्न होऊन सांगत. सगळा महाल त्यांना सेक्रेटरीजी म्हणे, कारण चौदाही संस्थांचे सेक्रेटरी ते एकटेच होते.

माझी त्यांची गाठ पडली ती एका पाहणीच्या निमित्ताने. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका कॉलेजात सांख्यिकी शिकवत होते. शहरात सेवाभावी संस्था किती आहेत आणि त्यांची प्रकृती कशी आहे, हे एकदा मोजून काढावं असं काही प्रतिष्ठित मंडळींच्या समितीने ठरवलं, आणि आकड्यांचं माणूस हवं म्हणून मला धरलं. फॉर्म त्यांनी आधीच छापून ठेवले होते. शेवटचा रकाना होता ‘संस्थेची स्थिती’, आणि त्यापुढे तीन शब्द: सुदृढ, आजारी, मृत. यातल्या एकावर खूण करायची. मला हे काम पंधरा दिवसांचं वाटलं होतं. माझा स्वभावच तसा, मोजता येत नाही असं जगात काही असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

माझ्या यादीतल्या सहा संस्थांचा पत्ता एकच निघाला. एका सोमवारी संध्याकाळी मी तिथे गेले. दारावर पाणपोई मंडळाची पाटी होती. आत एक किरकोळ अंगाचे, साठीच्या आसपासचे गृहस्थ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटं शाईने काळी. मी पाणपोईचा फॉर्म भरून घेतला आणि रुग्णांना कुबड्या, बेडपॅन वगैरे देणाऱ्या संस्थेबद्दल विचारलं.

“ते उद्या संध्याकाळी,” ते म्हणाले. “आज पाण्याचा वार हाय.”

“पण तिचे सेक्रेटरीही तुम्हीच ना?”

“हाव.”

“मग आत्ताच सांगा की.”

“आज मी पाण्याचा सेक्रेटरी हाओ, ताई. आज कुबड्यायचं बोललो तं पाण्यावाल्यायवर अन्याय होते. कोनाले कुबड्या पाह्यजे असन तं आत्ता देतो. पन बोलनं मंगळवारी.”

मी तणतणत घरी गेले. मंगळवारी गेले, बुधवारी गेले, सगळा आठवडा गेले, आणि यादीतल्या सहाच्या चौदा झाल्या. दर वेळी त्याच खुर्चीवर तेच गृहस्थ, आणि दर वेळी “या, या, कोनत्या कामानं येनं केलं?” असं पहिल्यांदाच भेटल्यासारखं विचारत. यात थट्टा नव्हती हे कळायला मला बरेच दिवस लागले. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. अक्षरं उलटी वाचायची सवय असल्याने टेबलापलीकडून मी लिहीत असलेला फॉर्म ते माझ्याआधी वाचून मोकळे होत. संस्थांची पत्रं छापखान्यातल्या उरलेल्या कागदावर छापलेली असत. लग्नपत्रिकांचा कागद जास्त उरे, त्यामुळे बेडपॅन मिळाल्याची पोच गुलाबी कागदावर, सोनेरी कडेसह यायची.

स्थितीच्या रकान्यावर माझं बोट थांबलं तेव्हा त्यांनी वाकून तो वाचला.

“सुदृढ, आजारी, मृत,” ते म्हणाले. “संस्थेले ताप येते का जी? आमची कुबड्यायची संस्था कधी पळते, कधी लंगडते. लंगडी असा रकाना काहून नाही ठेवला?”

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी पुढे शहरभर हिंडले आणि गोंधळत गेले. एका मोठ्या रस्त्यावर संगमरवरी पाटी असलेली संस्था होती. कागद सगळे चोख, सभासदांची यादी सुवाच्य अक्षरात. दाराचं कुलूप मात्र गंजून एकजीव झालेलं, आणि यादीतल्या निम्म्या माणसांच्या नावापुढे शेजाऱ्यांनी मला ‘वारले’ म्हणून सांगितलं. फॉर्मप्रमाणे ती सुदृढ निघाली. इंदोरा वस्तीत कौसल्याबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. छप्पन साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळकरी होत्या, आणि आता वस्तीतल्या मुलींना वरच्या वर्गांची पुस्तकं गोळा करून देत. ती पुस्तकपेढी सेक्रेटरीजींच्या चौदांपैकीच एक, गुरुवार सकाळची. बाई तिच्या अध्यक्ष. मी विचारलं, सभासद किती? त्या म्हणाल्या, “मी हाओ. अन् पुस्तकं नेनाऱ्या पोरी हायेत. त्यायले सभासद म्हनाचं का काय, ते तुमी ठरवा.” फॉर्मप्रमाणे ही मृत. मी पेन्सिलीने खूण केली, खोडली, पुन्हा केली. कागदाला भोक पडलं.

शेवटी एका संध्याकाळी मी सरळ विचारलं, “सेक्रेटरीजी, माणूस एक, खोली एक, मग संस्था चौदा कशाला?”

त्यांनी दार लोटून घेतलं, जणू चौदाही अध्यक्ष बाहेर कान देऊन उभे होते.

“आपल्या नागपुरात, ताई, मानूस दुसऱ्याच्या हाताखाली सतरंजी नाही उचलत. अध्यक्ष केला का सतरंजी बी उचलते अन् झाडू बी मारते. हे महादेवराव तेलघानीवाले पाहा. माय पडली त्यायची अंथरुनाले. पाठीले जखमा झाल्या. हवेची गादी पाह्यजे म्हनून गावभर फिरले, कोनी देल्ली नाही. माय गेली. मंग हा मानूस ज्या संस्थेत जाये तिथं भांडे. तीन ठिकानून हाकलला. माह्याकडे आला तवा रागानं कापून राहिला होता. मी म्हनलो, महादेवराव, हा राग फुकट नाही जाऊ द्याचा. तुमी अध्यक्ष व्हा. दुसऱ्या दिवशी सायकलवर बेडपॅन बांधून स्वतः पोचवाले गेले.”

“आणि पाणपोईचे अध्यक्ष?”

“गार्डसाहेब. रेल्वेतून रिटायर झाले. घरात कोनी ऐकत नाही त्यायचं. रांजन ऐकतात.”

चौदा माणसं, प्रत्येकाचा एक राग नाहीतर एक रिकामपण, आणि प्रत्येकाला एक पाटी. ऐकताना मला गंमत वाटली, थोडी शरमही वाटली, आणि अशा माणसाला लबाड म्हणावं की थोर हे काही ठरेना. माझ्या हातात फॉर्म होता आणि फॉर्मला या दोन्हीशी देणंघेणं नव्हतं. एक खोली, एक सेक्रेटरी, एक दप्तर. सांख्यिकीच्या कुठल्याही नियमाने ती एकच संस्था होती. मी लिहिलं, एक.

ही बातमी त्यांना कशी कळली कोण जाणे. रविवारी दुपारी ते बायकोला घेऊन माझ्या घरी आले. शांताकाकू खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, तीन दिवस झाले, हे धड जेवून नाही राहिले. काय लिवलं तुमी, ते पुसता येत असन तं पुसा.”

“तुमचा आकडा बरोबर हाय, ताई,” सेक्रेटरीजी म्हणाले. “पन शाळेची खोली समितीवाल्यायच्या हातात हाय, अन् त्यायचा नियम तुमाले माहीत हाय. एक संस्था म्हनलं का एकच कमिटी, एकच अध्यक्ष. नाही केलं तं खोली सोडा. माहे तेरा अध्यक्ष घरी जातीन अन् काम मरन.”

“मी खोटं कसं लिहू?”

“खोटं काहून? चौदाही अध्यक्षायले विचारा, संस्था किती. चौदाचे चौदा म्हनतीन, चौदा. मी एकटा म्हनतो, एक. तुमच्या शास्त्रात जास्त लोकायचं नाही ऐकत का?”

मोजणं म्हणजे मतदान नव्हे, असं काहीतरी मी ताठ्यात म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं. सेक्रेटरीजींनी मान हलवली, चहा संपवला आणि जाताना काकूंना म्हणाले, “ताई इमानदार हाय. काय करन ती बी.” त्यांनी रागावून बोलायला हवं होतं.

विलीनीकरणाची सभा त्याच खोलीत झाली. समितीने सुचवलेले एक निवृत्त अधिकारी अध्यक्ष झाले. गृहस्थ सज्जन होते, शब्दाला पक्के, आणि अर्जाशिवाय काही न देणारे. आधीच्या चौदाही अध्यक्षांना उपाध्यक्ष केलं. गार्डसाहेब उठून उभे राहिले. “मी उप कोनाचाच नाही,” एवढं बोलून त्यांनी छत्री उचलली आणि निघून गेले. महादेवराव जास्त बोलले. “मानूस पडल्यावर अर्ज भरन का हाड जोडन?” असं ओरडून त्यांनी दार इतक्या जोरात आपटलं की बिजागरी निघाली. कौसल्याबाई पुस्तकांची पेटी रिक्षात घालून घेऊन गेल्या. सेक्रेटरीजी खाली मान घालून सभेचा वृत्तान्त लिहीत होते. त्यात त्यांनी लिहिलं, ‘सभा खेळीमेळीत पार पडली.’

मे महिन्यात कळमन्याच्या रस्त्याने मी रिक्षातून जात होते. दरवर्षी तिथे गवताच्या छपराखाली गार्डसाहेब स्वतः ओगराळ्याने पाणी घालत असत. त्या दिवशी रांजण पालथे पडलेले होते. डोक्याला पंचा बांधलेला एक हातगाडीवाला थांबला, त्याने एक रांजण उचलून आत पाहिलं, पुन्हा जसाच्या तसा पालथा घातला आणि गाडी ओढत निघून गेला. त्याने कोणाला शिवीही दिली नाही. माझा आकडा बरोबर होता, आणि तो बरोबर असल्यामुळे हा माणूस तहानलेला पुढे गेला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे मला समजेना.

मी सेक्रेटरीजींकडे गेले. माफी मागायची होती, पण त्यांनी मागूच दिली नाही. “तुमचा काय दोष, ताई? यंदा ऊनच कडक हाय,” म्हणाले. गार्डसाहेबांना चार वेळा समजावून झालं, ते येत नाहीत. मग काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाले, “करून राहिलो काहीतरी.”

ते काय करत होते ते मला नंतर कळलं. छापखान्यात जायच्या आधी सायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे बांधून ते रांजण भरायला जात होते. सरळ उभे केलेले रांजण मी त्या रस्त्याने पुन्हा गेले असते तर मला दिसले असते, पण तिकडे जायचं माझं धाडस झालं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात डब्यांच्या ओझ्याने सायकल कलंडली आणि सेक्रेटरीजी कमरेवर पडले. मांडीचं हाड मोडलं. त्या वयात ते धड जुळलं नाही. इस्पितळातून घरी आले ते अंथरुणावरच.

पंधरा दिवसांनी शांताकाकू कॉलेजच्या दारात उभ्या. “पाठ लाल झाली त्यायची, बाई. हवेची गादी पाह्यजे. खोलीत दोन हायेत, मी सोता पुसून ठेवल्या होत्या. पन कुलूप हाय. नवे अध्यक्ष पचमढीले गेले म्हन्तात, थंड हवेले. त्यायच्या सहीशिवाय चाबी नाही भेटत.”

ज्या माणसाने गावाला गाद्या दिल्या त्याला गादी नव्हती, आणि ते माझ्या एका आकड्यामुळे. मी तशीच निघाले. कुठे जावं सुचेना, म्हणून महादेवरावांच्या तेलघाणीवर गेले. त्यांनी सभेनंतर सगळ्यांशी संबंध तोडल्याचं ऐकलं होतं, त्यामुळे चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती. गादीचं सांगताच ते उठले आणि तेलघाणीच्या मागची खोली उघडली. आत पेंडीच्या पोत्यांच्या वर कुबड्यांच्या जोड्या टांगलेल्या होत्या. बेडपॅन, सलाईनचा स्टँड, चाकाची एक खुर्ची, चार हवेच्या गाद्या. महालातल्या खोलीत पूर्वी होतं त्याहून जास्त सामान इथे होतं.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“दार आपटून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. संस्था बंद झाली तं लोक पडाचे थोडीच बंद झाले?”

“पण सेक्रेटरीजी म्हणायचे, अध्यक्ष केल्याशिवाय...”

महादेवराव हसले. एवढा भांडखोर माणूस हसताना मी पहिल्यांदाच पाहिला. “मी कायचा अध्यक्ष, बाई? ते त्यायच्यासाठी होतं. त्यायले वाटे, पाटी लावल्याबिगर मानूस काम नाही करत. म्हातारा इतक्या हौसेनं पाटी लावे, म्हनून मी बी जात जाओ. कोनाले काय देल्लं ते सांगाचं, म्हातारा लिवून घे, खुश होये. आपलं काय जाते? तुमी त्यायले हे सांगू नका फक्त.”

म्हणजे सेक्रेटरीजी यांना फुलवत होते आणि हे सेक्रेटरीजींना? मग गार्डसाहेबांचे रांजण पालथे का पडले? तिथे तर सेक्रेटरीजींचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं ठरलं होतं. काही माणसांना पाटी लागते आणि काहींना लागत नाही, एवढंच म्हणायचं तर ते मोजायला आधी कोण कसा ते ओळखावं लागतं, आणि ते ओळखायचं माप माझ्याकडे तेव्हा नव्हतं, अजूनही नाही.

महादेवराव स्वतःच गादी घेऊन माझ्याबरोबर आले. काकूंनी आणि आम्ही मिळून सेक्रेटरीजींना कुशीवर वळवलं, खाली गादी सारली. वेदनेने त्यांचे डोळे भरले होते. महादेवराव पायाशी हात बांधून उभे राहिले आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाले, “सेक्रेटरीजी, गादी एक. कोनाच्या नावानं लिवू?”

सेक्रेटरीजींचा चेहरा उजळला. “लिवा, वासुदेव. सेक्रेटरी स्वतः. अध्यक्षायच्या मंजुरीनं.”

“मंजूर हाय,” महादेवराव म्हणाले आणि नमस्कार करून गेले.

ते गल्लीबाहेर पडल्याची खात्री झाल्यावर सेक्रेटरीजींनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. “पाह्यलं ना, ताई? सारं मोडलं, तरी अजून सोताले अध्यक्षच समजते तो. वाटू द्या. तोडू नका त्याचं मन.”

मी “बरं” म्हणाले. दोघांचंही ऐकलं आणि दोघांनाही काही सांगितलं नाही.

त्यानंतर समितीला मी दोन पत्रं लिहिली. मोजणी चुकली आहे, ‘एक’ खोडून ‘चौदा’ करावं, असं पहिल्यात होतं. मोजणी चुकलेली नाही, पण मोजायची गोष्ट चुकली आहे, असं दुसऱ्यात. कोणत्याच पत्राचं उत्तर आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तरी कोणतं पत्र पटलं होतं? पाहणीचा अहवाल पुढे जाड पुठ्ठ्यात छापून आला. मी तो वाचला नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सेक्रेटरीजी गेले. घाटावर गार्डसाहेब आले होते, कौसल्याबाई आल्या होत्या, चौदातले बहुतेक सगळे आले होते. तेराव्यानंतर मी काकूंकडे बसले होते तेव्हा महादेवराव गादी न्यायला आले. धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या बाईला हवी होती. त्यांनी गादीतली हवा सोडली, ओल्या फडक्याने ती दोन्ही बाजूंनी पुसली, नीट घडी करून बगलेत धरली. दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही, वहिनी.” ते रिकाम्या पलंगाकडे पाहत होते. “सकाळी दोन कुबड्या देल्ल्या. वाडीकडचा ट्रकवरचा क्लीनर होता, टपावरून पडला. सांगाचं होतं त्यायले.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, “मला सांगा.”

महादेवराव दारात उभ्या उभ्याच सांगू लागले. क्लीनरचं नाव काय, तो कुठून पडला, कोणता पाय मोडला, घरी कोण आहे, कुबड्या उंच होत होत्या म्हणून खालून किती कापाव्या लागल्या. पुष्कळ वेळ सांगत होते. मी काही लिहून घेतलं नाही, नुसती ऐकत राहिले.